तडजोड, पण कोणाच्या संमतीने?

दिवाणी वकिलाकडून आता एक वेगळी अपेक्षा केली जाते. त्याने भांडण चालवण्याऐवजी मिटवावे, जमल्यास अशीलाला न्यायालयाच्या पायरीवरूनच मागे फिरवावे. १ जुलै २०२५ पासून तीन महिने देशभर ‘मीडिएशन फॉर द नेशन’ ही मोहीम चालली. तालुका न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत मिटण्याजोगी प्रकरणे वेचून मध्यस्थांकडे पाठवावीत, हा तिचा हेतू होता. लोकअदालत झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जिल्हावार आकडे येतात : इतकी प्रकरणे निकाली, इतक्या रकमेची वसुली. या आकड्यांत एक गोष्ट कधीच नसते. सही करणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे कळले होते का, आणि सही न करण्याची मोकळीक त्याला खरोखर होती का, याची नोंद कुठेही होत नाही.

मी मध्यस्थी आणि लवाद या दोन्ही मार्गांचा पुरस्कर्ता आहे, म्हणूनच ही नोंद नसणे मला गंभीर वाटते. न्यायाधीशाचा अधिकार राज्यघटनेतून आणि कायद्यातून येतो. प्रतिवादीने तो मान्य करावा लागत नाही. मध्यस्थाला आणि लवादाला मात्र पक्षकारांनी बसवलेले असते. त्यांचा सगळा अधिकार संमतीतून येतो, तेव्हा संमती जितकी खरी, तितकाच त्यांचा अधिकार खरा. ती संमती राखण्याचे काम वकिलाचे आहे. समेट घडवण्यापेक्षा हे काम जास्त अवघड आहे, आणि आज नेमके तेच सर्वांत कमी केले जाते.

आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा दिवाणी वाद घेऊ. तीन भाऊ, दोन बहिणी, वडिलांच्या नावची बारा एकर वडिलोपार्जित जमीन, त्यात एक विहीर आणि गावातले घर. असा वाटपाचा दावा महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या बोर्डावर सापडेल. समन्स बजावली जातात, कैफियत येते, मुद्दे निघतात, उलटतपास होतात आणि काही वर्षांनी प्राथमिक हुकूमनामा होतो : आईसह प्रत्येकाला एक षष्ठांश. घरच्यांना वाटते, निकाल लागला. प्रत्यक्षात अर्धे काम पुढेच असते. जमीन सारा भरणारी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे तिचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथून तहसील कार्यालय, मोजणी, हरकती, पुन्हा मोजणी. मधल्या काळात एखादा भाऊ वारतो, त्याचे वारस दाव्यात आणावे लागतात. कोणी अपील करतो, अपिलात स्थगिती मिळते.

आणि एवढे झाल्यावरही विहिरीचे काय? हुकूमनामा विहिरीत प्रत्येकाचा सहावा हिस्सा सांगतो आणि थांबतो. पाणी सहाव्या हिश्श्याने उपसता येत नाही, ते पाळीने घ्यावे लागते. मे महिन्यात पाळी कोणाची, वीज रात्रीची असेल तेव्हा पहिल्यांदा मोटार कोणी चालू करायची, पाइपलाइन कोणाच्या बांधाने जाईल, मोटार जळाली तर खर्च कसा वाटायचा, यांतले काही हुकूमनाम्यात नसते. दाव्यात ते कोणी मागितलेले नसते, आणि मागितले तरी भावाभावांच्या पाळ्या हुकमावर वर्षानुवर्षे चालवणे कोणत्याही न्यायाधीशाला शक्य नाही. वाटप होते आणि वाद मात्र बांधावर शिल्लक राहतो. पुढच्या पिढीत तो मनाई हुकमाच्या दाव्याच्या रूपाने परत येतो.

मध्यस्थीचे सामर्थ्य इथे दिसते. मध्यस्थ आधी सर्वांना एकत्र बसवतो, मग प्रत्येकाशी वेगळे बोलतो. वेगळ्या बैठकीत सांगितलेले समोरच्याला कळवायचे की नाही, हे सांगणाराच ठरवतो. त्या खोलीत पहिल्यांदा कळते की धाकट्याचा राग जमिनीवर नाही. थोरल्याने वडिलांच्या आजारपणातल्या खर्चाचा हिशेब कधी दाखवला नाही, यावर आहे. हिशेब टेबलावर आला की गट नंबर आपोआप सोपे होतात. सरस-निरस पाहून वाटण्या पडतात : विहिरीजवळचे कमी घेणारा, कोरडवाहू जास्त घेणारा, घर ठेवून त्याबदल्यात आईला सांभाळणारा. पाळ्यांचे वेळापत्रक करारातच लिहिता येते. दाव्यात नसलेली मिळकतही तडजोडीत घेता येते. मात्र तीत नवे हक्क निर्माण होत असतील तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दस्त नोंदवावा लागतो, आणि वकिलाने हे लक्षात ठेवले नाही तर तडजोड तलाठ्याकडे फेरफाराच्या वेळी अडते. न्यायालय देऊ शकत नाही ते मध्यस्थी देते, हे तिच्या बाजूचे खरे कारण. न्यायालयांवरचा भार हलका होतो, हे दुय्यम कारण आहे. ते पहिले झाले की सगळे बिघडायला लागते.

ते कसे बिघडते, हे त्या दोन बहिणींकडे पाहिले की समजते. महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हक्क देणारी दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू केली. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर हा हक्क अवलंबून नाही. कायद्यापुरती बाब स्पष्ट आहे. तरीही बैठकीत भावाभावांचे सगळे ठरते आणि बहिणींना शेवटच्या दिवशी बोलावले जाते. तडजोड पुरसिसेत, म्हणजे न्यायालयात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनात, एक ओळ असते, बहिणींनी आपला हिस्सा स्वखुशीने सोडला. सह्या होतात, अंगठे उठतात, दावा निकाली निघतो आणि यशस्वी मध्यस्थीच्या रकान्यात एकाने भर पडते.

बहिणीने हिस्सा सोडूच नये, असे मी म्हणत नाही. भावाची ओढ, माहेरचे दार उघडे राहणे, आईचे म्हातारपण यांची तिच्या लेखी किंमत जमिनीहून जास्त असू शकते. ती किंमत तिने ठरवावी. पण ठरवण्याआधी तिला काही गोष्टी माहीत असायला हव्यात. तिच्या हिश्श्याची आजची बाजारातली किंमत किती आहे. सही केली नाही तरी दावा संपत नाही, तिचा हिस्सा बुडत नाही. सगळे सोडणे आणि सगळे घेणे यांच्या मध्ये बरेच काही असते : रोख रक्कम, चार गुंठे, घरातली एक खोली, आईच्या पश्चात मिळणारा भाग. आणि एकदा तडजोडीचा हुकूमनामा झाला की तो बेकायदा आहे म्हणून वेगळा दावा लावायला संहितेच्या आदेश २३ च्या नियम ३-अ ची आडकाठी आहे. तिने त्याच न्यायालयात परत जाऊन तडजोडच खोटी होती हे सिद्ध करावे लागते.

हे तिला कोणी सांगायचे? मध्यस्थ सांगू शकत नाही. तो तटस्थ आहे, एका बाजूला सल्ला देऊ लागला की तो मध्यस्थ राहत नाही. न्यायाधीशासमोर कागद येतो तेव्हा तो सही तुमचीच का, मजकूर मान्य आहे का, एवढे विचारतो. अज्ञान मुलाच्या बाबतीत कायदा जास्त सावध आहे. आदेश ३२ च्या नियम ७ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या वतीने तडजोड होऊच शकत नाही, आणि ती त्याच्या हिताची आहे का हे न्यायाधीश पाहतो. सज्ञान स्त्रीचे हित तिला कळते, असे कायदा गृहीत धरतो. गृहीतक रास्त आहे, पण ते खरे ठरायचे तर तिच्या बाजूला बसून सांगणारा कोणीतरी हवा. तो म्हणजे वकील. आणि अनेकदा बहिणीच्या वकीलपत्रावर भावानेच ठरवलेल्या वकिलाचे नाव असते. ज्यांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध आहेत अशा दोघांसाठी एकाच वकिलाने तडजोड लिहिणे हा मला या व्यवहारातला सर्वांत मोठा दोष वाटतो. अशा वेळी वकिलाने तोंडावर सांगावे : ताई, तुमच्यासाठी वेगळा वकील करा, मी तुमचा नाही.

छापील वकीलपत्रात तडजोड करण्याचा अधिकारही लिहिलेला असतो. अशील तो वाचत नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने वकील अशीलाच्या वतीने तडजोडीवर सही करू शकतो असे म्हटले होते. २०१५ मधल्या निकालात मात्र अशीलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय त्याचा हक्क सोडता येणार नाही हे ठासून सांगितले. माझ्या मते ती छापील ओळ वकिलाने कधीच वापरू नये. अशील दूरगावी असेल तर तारीख घ्यावी. एक तारीख वाढल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

आपल्या मातीत हा प्रश्न नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे काढून जाळले आणि दंगे पसरले. चार वर्षांनी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा झाला. १८७९ च्या त्या कायद्यात दोन तरतुदी शेजारीशेजारी होत्या. एकीप्रमाणे शेतकऱ्यावर दावा लावण्याआधी समेटकाकडे जाऊन त्याचा दाखला आणावा लागे. दुसरीप्रमाणे न्यायालयाने रोख्यावरच्या सहीवर थांबायचे नव्हते. सावकार आणि कुळ यांच्यातला व्यवहार सुरुवातीपासून उकलून मुद्दल किती, व्याज किती, हातात खरे किती पडले हे शोधायचे होते. या दोहोंपैकी दुसरी तरतूद मला फार मोठी वाटते. अंगठा आहे म्हणून संमती आहे असे धरू नका, असे एका परक्या सरकारच्या कायद्याने न्यायाधीशांना सांगितले होते. पहिली तरतूद मात्र दाव्याच्या वाटेवरची आणखी एक पायरी होऊन बसली आणि पुढे नाहीशी झाली.

त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक सभेच्या वर्तुळातल्या माणसांनी, न्यायमूर्ती रानड्यांच्या पाठबळाने, लवाद कोर्ट उभे केले होते. सरकारी कोर्टाचा खर्च आणि खेटे टाळून लोकांनी आपले वाद आपल्या विश्वासातल्या माणसांकडून सोडवून घ्यावेत, हा त्यामागचा विचार होता. पेशवाईतल्या पंचायतींतही निवाडा मान्य करू असे पक्षकारांकडून आधी लिहून घेतले जाई, जामीन घेतला जाई. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतींचे दोष सांगूनही त्या राखाव्यात असे मत दिले. या परंपरेचा अभिमान जरूर असावा. पण जातपंचायतही याच मातीतली. तिने घातलेल्या बहिष्कारांविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. पंच तेच, ओटा तोच. फरक एवढाच की तिथे नाही म्हणणाऱ्याला गावात राहता येत नसे. जिथे नाही म्हणता येत नाही तिथल्या होकाराला मी संमती मानत नाही.

सक्तीबद्दल आपल्या कायद्याने अजून मन पक्के केलेले नाही. न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्याचे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ जुलै २००२ पासून आहे. त्याचा मसुदा इतक्या घाईने झाला की मध्यस्थी आणि न्यायिक समेट यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या उलट वाचाव्यात असे सांगावे लागले. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात २०१८ मध्ये कलम १२-अ आले. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी केलीच पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक ठरवले. प्रत्यक्षात काय होते? अर्ज जातो, नोटीस निघते, समोरचा येत नाही, ‘नॉन-स्टार्टर’ असा शेरा मिळतो आणि दावा दाखल होतो. १८७९ चा दाखला वेगळ्या शिक्क्यासह परत आला आहे. याउलट २०२१ च्या मध्यस्थी विधेयकात सर्वच दिवाणी वादांसाठी दाव्याआधीची मध्यस्थी सक्तीची होती. संसदेच्या स्थायी समितीने त्यावर आक्षेप घेतला, आणि २०२३ च्या कायद्यात ती ऐच्छिक झाली. हा बदल योग्यच झाला.

त्याच कायद्यात मला एक उणीव दिसते. मध्यस्थीतून झालेल्या कराराला त्याने हुकूमनाम्याचे बळ दिले आणि तो आव्हान देऊन रद्द करण्याची कारणे चारच ठेवली : फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी, आणि मुळात मध्यस्थीला न चालणारा विषय. दडपण हे त्यांत नाही. थकून, घाबरून, घरच्यांच्या नजरेखाली केलेल्या सहीला कायद्याने मागे दार ठेवलेले नाही. कराराला पक्केपणा हवा हे मला मान्य आहे, नाहीतर प्रत्येक हरलेला माणूस परत येईल. पण म्हणूनच दडपण सहीच्या आधी ओळखले गेले पाहिजे, आणि ते ओळखणारा वकील सोडून तिथे दुसरा कोणी नसतो.

येल विद्यापीठाचे ओवेन फिस यांनी १९८४ साली तडजोडीविरुद्ध एक गाजलेला लेख लिहिला. ज्याच्याकडे पैसा आणि वेळ कमी, तो आज मिळते ते घेऊन मोकळा होतो. त्याच्या होकारात गरजेची सक्ती असते, आणि न्यायालयाचे काम केवळ भांडण शमवणे नसून कायद्यातली मूल्ये प्रत्यक्षात आणणे हे आहे, असा त्यांचा युक्तिवाद. तो मला पूर्ण पटत नाही, कारण त्यांच्या नजरेसमोरचे न्यायालय आणि आपले न्यायालय यांत फार अंतर आहे. वीस वर्षांनी मिळणारा निकाल गरिबाला मूल्ये देत नाही, कागद देतो. पण त्यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग आपल्याला अधिकच लागू पडतो. न्यायालय जितके मंद, तितकी दुबळ्या पक्षकाराची सौदाशक्ती कमी. ज्या विलंबाची जबाबदारी राज्याची, त्याच विलंबाचा धाक दाखवून ‘मिटवून टाका, नाहीतर आयुष्य जाईल’ असे सांगणे हे दडपणच आहे, मग ते न्यायासनावरून येवो की बाररूममधून. तडजोड नाकारणाऱ्या पक्षकारावर केरळ उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले होते, तेव्हा २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्पष्ट नापसंती दर्शवली. समेट नको म्हणण्याचा हक्क पक्षकाराला आहे आणि त्यासाठी त्याला शिक्षा होऊ शकत नाही. प्रत्येक मध्यस्थी केंद्राच्या भिंतीवर हे मराठीत लिहून लावायला हवे.

लवादात संमतीचा प्रश्न आणखी कठीण होतो, कारण ती वादाच्या फार आधी, करार करतानाच घेतलेली असते. दोन मोठ्या कंपन्यांनी वकिलांच्या सल्ल्याने घातलेले लवादाचे कलम मी बिनतक्रार मानतो. २०१६ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र उभे राहिले, लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने निवाड्याला साधारण बारा महिन्यांची मुदत घातली, या गोष्टी त्यांच्या उपयोगाच्या आहेत. पण ट्रॅक्टरसाठी किंवा मोटारसायकलसाठी वित्त कंपनीकडून कर्ज घेणारा शेतकरी इंग्रजीतल्या वीस पानांवर सह्या करतो. त्यातल्या एका कलमाने लवाद कोण हे कंपनी ठरवणार आणि लवाद बसणार दुसऱ्या राज्यातल्या शहरात. हप्ते थकले की त्याला तिथून नोटीस येते. तो जात नाही, एकतर्फी निवाडा होतो आणि थेट दरखास्त येते. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकटा लवाद नेमू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. सरकारी उपक्रमांच्या करारांतली अशी एकतर्फी कलमे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहेत, असे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटले. निकाल चांगले आहेत, पण ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात वकिलामार्फत, आणि एकतर्फी निवाडा झालेल्या माणसाकडे तोवर वकीलच नसतो.

मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सोसायटी आणि विकसक यांच्या करारात लवादाचे कलम असते. घर रिकामे करायला नकार देणाऱ्या सभासदाची त्यावर सही नसते. तरी सोसायटीच्या बहुमताने तो बांधला गेला आहे असे २००९ साली मुंबई उच्च न्यायालयाने धरले, आणि तेव्हापासून लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अशा सभासदांविरुद्ध आदेश होतात. पन्नास कुटुंबांचे घर एकाच्या हट्टासाठी अडू नये, म्हणून निष्कर्ष मला मान्य आहे. पण याला संमती म्हणू नये. हा बहुमताचा निर्णय आहे आणि त्याची छाननी बहुमताच्या निर्णयासारखी, जास्त कठोरपणे व्हावी.

खर्चाबद्दल थोडक्यात. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली लवादाच्या मानधनाची कमाल मर्यादा ३० लाख रुपयांची आहे, आणि ती प्रत्येक लवादाला स्वतंत्र लागू होते असे २०२२ मध्ये ठरले. तीन लवाद म्हणजे तिप्पट. मध्यम कंत्राटदाराला हे झेपत नाही. दुसरीकडे देशातला सर्वांत मोठा पक्षकार, म्हणजे सरकार, लवादावर नाराज आहे. दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गाच्या वादात २०१७ मध्ये सुमारे २,७८२ कोटींचा निवाडा झाला, तो सर्वोच्च न्यायालयातही टिकला आणि एप्रिल २०२४ मध्ये उपचारात्मक याचिकेत रद्द झाला. दोनच महिन्यांनी, ३ जून २०२४ रोजी, अर्थ मंत्रालयाने खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, घातलेच तर १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरते ठेवावे आणि मध्यस्थीकडे वळावे अशी सूचना काढली. कारणे काहीही असोत, हरल्यावर व्यासपीठच बदलणाऱ्या पक्षकारावर समोरच्याने विश्वास का ठेवावा? शिवाय मध्यस्थीत सरकारच्या वतीने होकार द्यायला अधिकारी हवा, आणि उद्या चौकशी लागेल या भीतीने तो सही करत नाही. त्या भीतीपासून त्याला संरक्षण दिल्याशिवाय सरकारी वादांतली मध्यस्थी कागदावरच राहील.

वकिलांचे उत्पन्न बुडते म्हणून ते तडजोडीला विरोध करतात, असे नेहमी बोलले जाते. काही करतात, हे खरे आहे. पण लवकर मिटवून फी घेऊन मोकळा होणारा वकील अशीलाचे तितकेच नुकसान करू शकतो, आणि त्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण त्याचे प्रकरण निकाली निघालेले असते. मध्यस्थांना चाळीस तासांचे प्रशिक्षण दिले जाते. मध्यस्थीत अशीलासोबत बसणाऱ्या वकिलाला एकही तास दिला जात नाही. बार असोसिएशनांनी आणि विधी महाविद्यालयांनी ही उणीव आधी भरून काढावी.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पुरसिसेचा मसुदा मराठीत मागून घ्या आणि घरी न्या. आपण काय सोडतो आहोत आणि निकाल लागला असता तर काय मिळाले असते, हे वकिलाकडून लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर दुसऱ्याला दाखवा. पटले तर मोकळ्या मनाने सही करा, कारण चांगली तडजोड चांगल्या निकालाहून बरेच काही देते. नाही पटले तर मला निकाल हवा आहे एवढेच मध्यस्थाला सांगा. त्याने न्यायालयाला समेट झाला नाही इतकेच कळवायचे असते. का झाला नाही आणि कोणामुळे, हे लिहिण्याचा अधिकार त्याला नाही.